पाचवी पुजण्याआधीचे ७२ तास

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गरोदर बाईची नोंदणी झाली की रक्त घेतात, गट तपासतात आणि कार्डावर लिहितात. शंभरातल्या साधारण पाचजणींच्या कार्डावर गटापुढे ‘निगेटिव्ह’ येतं. बाकीच्यांचा विषय तिथे संपतो, या पाचजणींचा तिथून सुरू व्हायला हवा. तो कार्डावरच राहून गेला, तर दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला मूल पोटातच दगावतं, नाहीतर जन्मल्या दिवशीच पिवळं पडतं. हे टाळणारं अँटी-डी इंजेक्शन १९६८ पासून वापरात आहे आणि नाशकात ते सहज मिळतं. तरीही ते चुकतं, कारण त्याची वेळ निघून गेल्यावर कुणाच्या तरी लक्षात येतं. त्या वेळांबद्दल सविस्तर लिहावं, म्हणून हे पत्र.

आधी हे होतं कसं ते सांगतो. लाल पेशींवर ‘डी’ नावाचं प्रथिन असलं की गट पॉझिटिव्ह, नसलं की निगेटिव्ह. आई निगेटिव्ह आणि वडील पॉझिटिव्ह असतील तर बाळ पॉझिटिव्ह असू शकतं. वडिलांकडे डी ची दोन्ही जनुकं असली तर प्रत्येक मूल पॉझिटिव्ह, एकच असलं तर निम्मी शक्यता. गरोदरपणात आई आणि बाळाचं रक्त वारेतल्या पडद्याने वेगळं राहतं, पण बाळंतपणात वार सुटताना बाळाचं थोडं रक्त आईच्या अंगात जातं. कधी चमचाभर, कधी काही थेंब. आईच्या शरीराला डी परका वाटतो आणि ते त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं (अँटीबॉडीज) तयार करायला लागतं. या पहिल्या तयारीला काही आठवडे ते काही महिने लागतात आणि सुरुवातीची प्रतिपिंडं आकाराने इतकी मोठी असतात की ती वार ओलांडत नाहीत. म्हणून पहिलं मूल बहुधा सुखरूप असतं, आणि ‘पहिल्या वेळी काही झालं नाही, आता कशाला’ हा समज इथूनच येतो. पण शरीर विसरत नाही. पुढच्या गरोदरपणात तेच प्रथिन पुन्हा दिसलं की लहान आकाराची प्रतिपिंडं भराभर तयार होतात, वार ओलांडून बाळात जातात आणि त्याच्या लाल पेशी फोडतात. बाळाचं रक्त कमी होतं, हृदयावर ताण येतो, पोटात आणि छातीत पाणी साठतं.

अँटी-डी काय करतं, तर बाळाच्या ज्या पेशी आईच्या रक्तात आल्या त्या आईच्या शरीराने ओळखण्याआधीच झाकून बाजूला करतं. एकदा ओळख पटली, आईची स्वतःची प्रतिपिंडं तयार झाली, की या इंजेक्शनचा काडीचाही उपयोग नाही. सगळा खेळ वेळेचा आहे तो यामुळे.

लग्न ठरवताना होणाऱ्या दोन चुका इथेच सांगून टाकतो. पत्रिकेतली एकनाड आणि रक्तगट यांचा काहीही संबंध नाही. नवराबायकोचा गट एकच असला तर मुलं अधू होतात, हेही खरं नाही. दोघंही निगेटिव्ह असतील तर मूल निगेटिव्हच होणार, तिथे इंजेक्शनचीच गरज नाही. आणि मुलगी निगेटिव्ह म्हणून स्थळ नाकारणं हा तर सरळ अन्याय आहे. वेळेवर दोन इंजेक्शनं घेतली की तिचं गरोदरपण इतर कुणाहीसारखंच असतं.

आता तपासणी. उपकेंद्रावर किंवा लहान लॅबमध्ये गट काचपट्टीवर पाहतात. तीन थेंब रक्त, त्यात तपासणीची द्रावणं: निळं अँटी-ए, पिवळं अँटी-बी आणि रंगहीन अँटी-डी (हे इंजेक्शन नव्हे). काडीने ढवळायचं, पट्टी हलवायची आणि दोन मिनिटांच्या आत वाचायचं; अँटी-डीच्या थेंबात गुठळ्या झाल्या तर पॉझिटिव्ह. एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात पंख्याखाली ठेवलेली पट्टी कडेने सुकते आणि सुकलेली कड गुठळ्यांसारखी दिसते. तिथे निगेटिव्ह बाई पॉझिटिव्ह लिहिली जाते, आणि ही चूक सगळ्यांत महागात पडते, कारण पॉझिटिव्ह लिहिलेल्या बाईकडे पुन्हा कुणी पाहतच नाही. म्हणून आमचं म्हणणं असं की गट काचपट्टीवर निघाला असेल, तर तो रक्तपेढीत नळीत किंवा जेल कार्डवर (जेल भरलेल्या बारीक नळ्यांचं कार्ड) एकदा पक्का करून घ्यावा, आणि तोही नव्याने घेतलेल्या रक्तावर. नवऱ्याचा गट लायसन्सवर छापलेला धरू नये. तो त्याने स्वतः सांगितलेला असतो, तपासलेला नसतो.

काही बायकांच्या पेशींवर डी असतो पण क्षीण असतो. रक्तदानाच्या कार्डावर त्या पॉझिटिव्ह असतात आणि दवाखान्याच्या कागदावर निगेटिव्ह, मग घरचे म्हणतात लॅब चुकली. लॅब चुकलेली नसते. दात्याचं रक्त दुसऱ्याला द्यायचं असल्याने क्षीण डी सुद्धा पॉझिटिव्ह धरतात. गरोदर बाईला मात्र, जनुकीय तपासणी झालेली नसेल तर, निगेटिव्ह धरून इंजेक्शन देणं सुरक्षित. दोन्ही कागद डॉक्टरांना दाखवा, एक फाडून टाकू नका.

गट निगेटिव्ह निघाला की त्याच वेळी दुसरी तपासणी हवी: आयसीटी, म्हणजे इनडायरेक्ट कूम्ब्स. आईच्या रक्तात प्रतिपिंडं आधीच तयार झाली आहेत का, ते ही सांगते. आईचा सिरम (रक्तातला पेशींवेगळा द्रव) ओ पॉझिटिव्ह पेशींबरोबर ३७ अंशांवर ठेवतात, पेशी सलाइनने तीनदा धुतात, प्रतिपिंडं चिकटलेल्या पेशींच्या गुठळ्या करणारं कूम्ब्स सिरम घालतात आणि फिरवून गुठळ्या पाहतात. यातला धुण्याचा भाग कंटाळवाणा आहे आणि घाई तिथेच होते. नळीत सिरमचा अंश राहिला तर तो कूम्ब्स सिरमलाच निकामी करतो आणि रिपोर्ट खोटा निगेटिव्ह येतो. म्हणून निगेटिव्ह आलेल्या प्रत्येक नळीत शेवटी प्रतिपिंड चढवलेल्या पेशी टाकून पाहायच्या; त्यांच्या गुठळ्या झाल्या तरच तो निगेटिव्ह खरा. जेल कार्डात हे धुणं लागत नाही. तिथे गुठळ्या जेलच्या वरच्या टोकाला अडकतात आणि मोकळ्या पेशी तळाशी लाल ठिपक्यासारख्या बसतात. लॅब कोणतीही असो, कार्डावर नुसतं ‘आयसीटी केली’ लिहून भागत नाही, तारीख आणि निकाल हवा.

आयसीटी नोंदणीच्या वेळी एकदा आणि २८ व्या आठवड्यात पुन्हा. २८ व्या आठवड्यातलं रक्त इंजेक्शनच्या आधी घ्यायचं, नंतर नाही. इंजेक्शन म्हणजे बाहेरून दिलेली प्रतिपिंडंच. ती रक्तात दोन-तीन महिने सापडतात आणि आयसीटी अर्धवट पॉझिटिव्ह दाखवतात. असा रिपोर्ट घेऊन रडत आलेली बाई दिसली की आधी तिचं कार्ड पाहावं. इंजेक्शनची तारीख लिहिलेली असली तर अर्ध्या मिनिटात उलगडा होतो. लिहिलेली नसली तर मात्र महिनाभर जीव टांगणीला लागतो.

२८ वा आठवडा म्हणजे सातवा महिना. आपल्याकडे डोहाळजेवण याच सुमाराला होतं आणि पहिलटकरीण ओटी भरून माहेरी निघते. नेमकं इथेच इंजेक्शन गळतं. सासरच्या डॉक्टरांना वाटतं माहेरचे देतील, माहेरच्यांना वाटतं देऊन झालं असेल. फाइल सिडकोतल्या कपाटात आणि बाई येवल्याला. सून निगेटिव्ह असेल त्या घराने एवढं पक्कं धरावं की माहेरच्या गाडीत बसण्याआधी आयसीटी आणि ३०० मायक्रोग्रॅम अँटी-डी झालेलं असेल आणि कार्ड पिशवीत असेल. सुरगाणा, पेठ, हरसूलकडून द्राक्षाच्या हंगामात दिंडोरी-निफाडच्या बागांवर येणाऱ्या कुटुंबांत हाच प्रश्न जास्त कडक आहे. तिथे नोंदणी एका प्राथमिक आरोग्य केंद्रात होते, सातवा महिना बागेवर लागतो आणि बाळंतपण तिसरीकडेच. आशाताईंनी आणि परिचारिकांनी अशा बाईच्या माता व बाल संरक्षण कार्डावर गट लाल पेनाने, पहिल्याच पानावर लिहावा. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी असते. निगेटिव्ह बाईची सातव्या महिन्यातली खेप त्या दिवशी बसवली तर डॉक्टर आणि रक्ताची तपासणी एकाच फेरीत मिळते.

या इंजेक्शनने किती फरक पडतो ते आकड्यांत सांगतो. काहीच दिलं नाही आणि बाळ पॉझिटिव्ह, मुख्य गट (ए, बी, ओ) आईशी जुळणारा असला, तर एका बाळंतपणानंतर शंभरात साधारण सोळा बायकांत प्रतिपिंडं तयार होतात. बाळंतपणानंतरचं इंजेक्शन वेळेत दिलं तर हे प्रमाण एक ते दोनवर येतं. २८ व्या आठवड्यातलंही दिलं तर हजारात एक-दोनवर. आईचा गट ओ आणि बाळाचा ए किंवा बी असला तर धोका आपसूक कमी असतो, शंभरात दोनच्या आसपास, कारण आईच्या अंगात आलेल्या त्या पेशी तिची नेहमीची अँटी-ए, अँटी-बी आधीच फोडून टाकतात. पण कमी म्हणजे शून्य नव्हे, इंजेक्शन तेव्हाही द्यायचं.

सातवा महिना आणि बाळंतपण सोडून आणखी प्रसंग आहेत आणि ते जास्त विसरले जातात. गर्भपात, गर्भनलिकेत अडकलेला गर्भ, द्राक्षगर्भ (वारेच्या जागी द्राक्षांसारखे फोड वाढणं), गर्भजलाची किंवा वारेच्या तुकड्याची तपासणी, गरोदरपणात अंगावरून रक्त जाणं, पोटावर मार, आडवं किंवा पायाळू बाळ बाहेरून फिरवणं, पोटात मूल दगावणं. शेवटच्या प्रसंगात घर इतकं कोसळलेलं असतं की रक्तगटाचं कुणाच्या ध्यानीमनी नसतं. तिथे जबाबदारी पूर्णपणे आपली, कर्मचाऱ्यांची. बाळाचा गट कळायची वाट न पाहता इंजेक्शन द्यायचं. दुचाकीवरून पडलेली, खड्ड्यात गाडी आदळून पोटाला हादरा बसलेली गरोदर बाई ‘काही लागलं नाही’ म्हणून घरी जाते. ती निगेटिव्ह असेल तर तिने त्याच दिवशी दाखवावं.

१२ आठवड्यांच्या आतल्या गर्भपाताबद्दल मतं एकसारखी नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचना या काळात अँटी-डी लागत नाही असं सांगतात. इथे अनेक डॉक्टर ५० मायक्रोग्रॅमचा छोटा डोस देतात. दिवस मोजण्यात आपल्याकडे होणारी गफलत पाहता आमचा कल देण्याकडे आहे. १२ आठवड्यांनंतर मात्र दुमत नाही, ३०० मायक्रोग्रॅम द्यायचं. रक्त पुन्हापुन्हा जात असेल तर सहा आठवड्यांनी परत. सर्वांत धोक्याचं म्हणजे मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय गोळ्या आणून घरी केलेला गर्भपात. तिथे ना सोनोग्राफी, ना गटाची तपासणी, ना कुठे नोंद. पुढच्या खेपेला बाई ‘हे पहिलंच’ म्हणते आणि आयसीटी पॉझिटिव्ह येते. सासूबाईंसमोर ती खरं सांगणार नाही. हा प्रश्न तिला एकटीला, खोलीचं दार लावून विचारावा, आणि उत्तर ऐकून चेहरा न बदलता ते लिहून घ्यावं.

आता बाळंतपणाचा दिवस. बाळ बाहेर आलं की नाळेतून रक्त घ्यायचं. ते नाळ पिळून वाडग्यात धरायचं नाही. नाळेच्या आत बुळबुळीत गर असतो. तो नमुन्यात मिसळला की पेशी उगाच चिकटतात, निगेटिव्ह बाळ पॉझिटिव्ह दिसतं, डीसीटी (डायरेक्ट कूम्ब्स, म्हणजे बाळाच्या पेशींना प्रतिपिंडं चिकटली आहेत का ते सांगणारी तपासणी) खोटी येते. वारेकडच्या बाजूला नाळेची शीर पुसून घ्यावी आणि सुई टोचून रक्त ओढावं. जांभळ्या झाकणाच्या नळीत गट, डीसीटी आणि हिमोग्लोबिनसाठी, साध्या नळीत बिलिरुबिनसाठी (काविळीचं पिवळं द्रव्य). नळीवर नाव तिथेच, बाळंतिणीच्या टेबलाशेजारी लिहायचं: ‘अमुक हिचं बाळ’ आणि वेळ. आईचा आणि बाळाचा नमुना एकाच ट्रेमध्ये बिननावाचे ठेवले की अदलाबदल झाली म्हणून समजा. जुळी असतील तर दोन वेगळे नमुने, आणि दोघांतलं एक जरी पॉझिटिव्ह असलं तरी इंजेक्शन.

बाळ पॉझिटिव्ह आणि आईची स्वतःची प्रतिपिंडं नाहीत, तर ७२ तासांच्या आत ३०० मायक्रोग्रॅम. खोक्यावर काही वेळा १५०० आंतरराष्ट्रीय एकक लिहिलेलं असतं, ते तेवढंच आहे. १५० मायक्रोग्रॅमचंही इंजेक्शन मिळतं, म्हणून आणायला पाठवलेल्या माणसाच्या हातातल्या चिठ्ठीवर आकडा ठळक हवा आणि आणल्यावर खोकं वाचायचं. सातव्या महिन्यात घेतलं होतं म्हणून हे टाळायचं नाही. दंडाच्या स्नायूत द्यावं; कुल्ल्यावर दिलं तर ते चरबीत अडकून सावकाश शोषलं जाऊ शकतं. दिल्यावर वीस मिनिटं बाळंतीण नजरेसमोर हवी. अंगावर पाजायला काहीच हरकत नाही.

७२ तास चुकतात कसे? शनिवारी संध्याकाळी बाळंतपण, रविवारी लॅब बंद, सोमवारी सण, मंगळवारी रिपोर्ट, आणि तोवर बाई घरी. साधं बाळंतपण असेल तर तिसऱ्या दिवशी सुट्टी होते, पाचव्या दिवशी घरात पाट मांडून पाचवी पुजतात आणि त्या वेळी रिपोर्ट कुणाच्या तरी मोबाइलवर येऊन पडलेला असतो. उपाय सोपा आहे. बाळाचा गट हातात नसेल आणि तास संपत आले असतील तर गटाची वाट न पाहता इंजेक्शन देऊन टाकावं. निगेटिव्ह बाळाच्या आईला ते दिलं गेलं तर तिचं काही बिघडत नाही. आणि ७२ तास उलटूनच गेले असतील तर ‘आता काय उपयोग’ म्हणून सोडून देऊ नये. दहा दिवसांपर्यंत दिल्याचा काही फायदा मिळतो, काही मार्गदर्शक सूचना तर २८ दिवसांपर्यंत द्यायला सांगतात. पाचवीला नाही, बारशाला लक्षात आलं तरी बाळंतिणीला घेऊन या.

आणखी एक पळवाट नेहमी ऐकू येते: ‘ऑपरेशन केलंय, आता मूल नको, मग इंजेक्शन कशाला?’ नसबंदी क्वचित फसते, कधी ती उलटवायची वेळ येते, आणि उद्या अपघातात हिला रक्त लागलं तर अंगात तयार झालेली प्रतिपिंडं जुळणारं रक्त शोधणं अवघड करतात. इंजेक्शन द्यायचं.

३०० मायक्रोग्रॅम सुमारे ३० मिलिलिटर बाळाच्या रक्ताला पुरतं. बहुतेकींना ते भरपूर होतं. पण वार हाताने काढावी लागली, वार आधीच सुटली, जुळी होती, पोटाला जबर मार बसला किंवा मूल पोटात दगावलं, तर रक्त जास्त गेलेलं असू शकतं. ते मोजायला क्लायहाउर चाचणी असते. आईचं रक्त बाळंतपणानंतर अर्ध्या ते दोन तासांत घेतात, काचपट्टीवर पसरून आम्लात बुडवतात. आईच्या पेशींतलं हिमोग्लोबिन धुऊन जातं आणि त्या फिकट सावल्यांसारख्या उरतात. बाळाच्या पेशी गडद गुलाबी राहतात. त्या मोजायच्या. समजा शंभरात १.४ पेशी बाळाच्या निघाल्या. आईचं रक्त ५००० मिलिलिटर धरलं तर बाळाचं ७० मिलिलिटर रक्त आलं. ७० भागिले ३०, म्हणजे २.३, पूर्णांक दोन, वर एक जास्तीचं, अशी तीन इंजेक्शनं. एकच दिलं असतं तर नियम पाळल्याचं समाधान मिळालं असतं आणि बाईच्या अंगात प्रतिपिंडं तरीही तयार झाली असती. ही तपासणी प्रत्येक ठिकाणी होत नाही, म्हणून अशा बाईचा नमुना मोठ्या रक्तपेढीकडे पाठवायची सोय प्रत्येक प्रसूतिगृहाने आधीच विचारून ठेवावी.

औषध २ ते ८ अंशांवर राहायला हवं, गोठता कामा नये. फ्रीजच्या दारात किंवा बर्फाच्या कप्प्याला चिकटून ते ठेवू नये, आणि वीज जाते त्या भागात आइसपॅकची पेटी तयार असावी. खोक्यावरचा बॅच नंबर केसपेपरवर उतरवावा. प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींपासून बनवलेलं अँटी-डी आपल्याकडे मिळतं. पण बराचसा साठा अजूनही माणसांच्या प्लाझ्मापासूनच होतो. ऑस्ट्रेलियातले जेम्स हॅरिसन यांच्या प्लाझ्मात अँटी-डी होतं. १९५४ ते २०१८ या काळात त्यांनी १,१७३ वेळा दान केलं. २०२५ साली, ८८ व्या वर्षी ते गेले. असं कुणाच्या तरी दंडातून आलेलं औषध फ्रीज बंद पडल्याने वाया जाऊ नये, एवढी काळजी आपण घेऊ शकतो.

आता ज्यांची आयसीटी पॉझिटिव्ह आली आहे त्यांच्याविषयी. त्यांना अँटी-डी देऊन उपयोग नाही, पण त्यांचं मूल वाचवता येतं. प्रतिपिंडांचं प्रमाण, म्हणजे टायटर, पाहतात. २४ आठवड्यांपर्यंत दर चार आठवड्यांनी, पुढे दर दोन आठवड्यांनी. १:१६ किंवा १:३२ वर गेलं, म्हणजे सिरम सोळा किंवा बत्तीस पट पातळ केला तरी गुठळ्या दिसल्या, की बाळाकडे पाहायला हवं. टायटर प्रत्येक वेळी एकाच लॅबमध्ये, एकाच पद्धतीने करा. एकदा कॉलेज रोडला नळीत आणि पुढच्या वेळी नाशिक रोडला जेलमध्ये केलं तर आकडा वाढलेला दिसेल, कारण जेलमध्ये तो वरच येतो. त्याच पद्धतीत दोन पायऱ्यांची वाढ, जसं १:४ वरून १:१६, ही खरी वाढ. आधीचं मूल याच आजाराने त्रस्त झालं असेल तर टायटरवर विसंबू नये.

बाळाचं रक्त कमी झालं आहे का, हे आता सोनोग्राफीवर कळतं. बाळाच्या मेंदूतल्या एका धमनीत रक्ताचा वेग मोजतात. रक्त पातळ झालं की ते जोरात पळतं. त्या आठवड्याच्या नेहमीच्या वेगाच्या दीडपटीहून जास्त निघाला तर पोटातच बाळाला रक्त चढवायची वेळ आली असं समजतात. साधारण १८ ते ३५ आठवड्यांत, सोनोग्राफीखाली नाळेच्या शिरेत सुई घालून ओ निगेटिव्ह, किरणोत्सार केलेलं, घट्ट केलेलं आणि आईच्या रक्ताशी जुळवलेलं रक्त देतात. मुंबई-पुण्याच्या मोठ्या केंद्रांत हे होतं. आधी नंबर लावावा लागतो आणि रक्ताची तयारी एक दिवसात होत नाही. म्हणून अशा बाईला सातव्या महिन्यात नव्हे, चौथ्या महिन्यात गर्भतज्ज्ञांकडे पाठवा.

बाळंतपण जिथे नवजात शिशू विभाग आहे तिथेच व्हावं. नाळ लांब ठेवून कापावी, कारण बाळाचं रक्त बदलायची वेळ आली तर नळी नाळेच्या शिरेतूनच जाते. ओ निगेटिव्ह ताजं रक्त आधी मागवून ठेवावं. तीन किलोच्या बाळाचं रक्त दुप्पट मापाने बदलायचं तर साधारण ५०० मिलिलिटर लागतं. पिवळेपणा पहिल्या चोवीस तासांत दिसला तर तो साधा नाही. दिवसाच्या उजेडात बाळाच्या कपाळावर, छातीवर बोट दाबून सोडावं. दाबलेली जागा पिवळी दिसली तर लगेच नेमून दिलेल्या दवाखान्यात. कोवळ्या उन्हात धरणं, काविळीची माळ घालणं यात जाणारा एकेक तास बाळाच्या मेंदूच्या हिशेबातला आहे. बिलिरुबिन ताशी अर्ध्या मिलिग्रॅमहून जास्त चढत असेल तर निळ्या दिव्याखाली ठेवून भागत नाही, रक्त बदलावं लागतं. उशीर झाला तर बहिरेपणा आणि हातापायांतली ओढाताण जन्मभर राहते.

जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली सरकारी दवाखान्यात बाळंतपण, तपासण्या, औषधं आणि रक्त मोफत आहे, आजारी बाळाचा उपचारही. इंजेक्शन बाहेरून आणायला सांगितलं तर नातेवाइकांनी हे शांतपणे विचारावं. ते महाग आहे आणि घरच्यांनी पैशाच्या जुळवाजुळवीत दोन दिवस घालवले की तासच संपतात.

जिल्हा परिषद, महानगरपालिका आणि शहरातल्या सर्व खासगी प्रसूतिगृहांना आमची विनंती आहे की डिस्चार्ज कार्डावर एक ओळ छापील असावी: आईचा गट, बाळाचा गट, अँटी-डी दिल्याची तारीख आणि वेळ, सही. ती ओळ भरल्याशिवाय निगेटिव्ह आईचा डिस्चार्ज होऊ नये. आणि किमान एक डोस प्रत्येक प्रसूतिगृहाच्या फ्रीजमध्ये असावा, म्हणजे रात्री दोन वाजता कुणाला मेडिकल शोधत शालिमारपर्यंत जावं लागणार नाही.

या आजारातून वाचलेलं बाळ घरी गेलं तरी आईची प्रतिपिंडं त्याच्या रक्तात दोन-तीन महिने राहतात आणि पेशी फुटत राहतात. कावीळ गेलेली असते, घरचे निश्चिंत असतात, आणि तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात बाळ पांढुरकं पडतं, दूध ओढताना थकतं, मध्येच घामेजून झोपतं. दर आठ-पंधरा दिवसांनी हिमोग्लोबिन पाहावं. लोहाचं औषध आपल्या मनाने सुरू करू नये. फुटलेल्या पेशींतलं लोह त्याच्या अंगातच असतं. डॉक्टर बहुधा फॉलिक ॲसिड देतात. हा तपास डिस्चार्जच्या वेळीच तारखा घालून द्यावा, पहिली तारीख बाराव्या दिवसाच्या आसपासची असावी.

आपले,
रक्तपेढी आणि प्रसूतिकक्षात काम करणारे काही तंत्रज्ञ व परिचारिका,
नाशिक